बालकांच्या मेंदूतील अर्बुदे आणि प्रतिदीप्त द्रव्यांचे मार्गदर्शन

मेंदूतील अर्बुद काढून टाकताना शल्यविशारदापुढे असणारी सर्वांत मोठी अडचण अर्बुदाची सीमा ओळखण्याची असते. उदरातील एखादी गाठ काढावयाची झाल्यास तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही सावधगिरी म्हणून काढून टाकता येतो. मेंदूच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही. येथे निरोगी ऊतकाचा एखादा मिलीमीटर म्हणजे कदाचित वाचा, कदाचित गिळण्याची क्रिया, कदाचित एका हाताचे बळ असू शकते. उलटपक्षी अर्बुदाचा तितकाच भाग मागे राहिला, तर काही प्रकारांत रोग पुन्हा उद्भवण्याचा संभव पुष्कळ वाढतो. सूक्ष्मदर्शकाच्या पांढऱ्या प्रकाशात मात्र अर्बुदाच्या कडेचा भाग आणि त्याला लागून असलेला निरोगी मेंदू हे रंगाने व पोताने पुष्कळदा सारखेच दिसतात.

हा भेद डोळ्यांस दिसावा म्हणून अर्बुदात साठणारे आणि विशिष्ट प्रकाशात चमकणारे द्रव्य रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाचे, ही कल्पना आता पाऊणशे वर्षांहून जुनी झाली आहे. प्रौढांच्या बाबतीत ती बरीच स्थिरावली आहे. बालकांच्या बाबतीत तिचे मोल अद्याप ठरत आहे. अशा द्रव्याची चमक नेमके काय सांगते, बालकाच्या मेंदूत तिच्यावर कितपत विसंबता येते आणि मीरा-भाईंदरसारख्या शहरातील एखाद्या बालकाला हा रोग झाला असता या ज्ञानाचा लाभ त्याच्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिदीप्तीचे तत्त्व

काही पदार्थ आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या घटनेचे पद्धतशीर वर्णन केले आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून तिला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत तिला प्रतिदीप्ती म्हणतात. शोषलेल्या ऊर्जेचा काही अंश रेणूच्या अंतर्गत हालचालींत खर्ची पडतो. त्यामुळे बाहेर येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा कमी आणि तरंगलांबी अधिक असते. या फरकामुळेच योग्य गाळणी वापरून मूळचा प्रकाश अडविता येतो आणि केवळ द्रव्यातून निघणारा प्रकाश पाहता येतो.

बँकेच्या खिडकीपाशी नोटा तपासण्यासाठी ठेवलेला जांभळा दिवा हे याचे परिचित उदाहरण होय. त्या दिव्याखाली नोटेतील तंतू आणि क्रमांकाची शाई चमकू लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नोटेत विशिष्ट शाई आहे, एवढेच दिवा दाखवितो. नोट खरी की खोटी, हा निर्णय कारकुनास इतर खुणा पाहूनच करावा लागतो. शस्त्रक्रियेतील प्रतिदीप्तीची स्थितीही अशीच आहे. द्रव्य कोठे साठले आहे ते चमक दाखविते. ते तेथे का साठले, याचा उलगडा त्या द्रव्याच्या रसायनावरून व शरीरातील त्याच्या प्रवासावरून करावा लागतो.

तीन द्रव्ये आणि त्यांचे निराळे अर्थ

यांपैकी सर्वांत जुने द्रव्य फ्लुओरेसीन होय. आडोल्फ फोन बायर यांनी ते १८७१ मध्ये प्रथम तयार केले. मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज मूर यांनी १९४७-४८ च्या सुमारास मेंदूतील अर्बुदांचे स्थान शोधण्यासाठी त्याचा उपयोग केला. हे द्रव्य शिरेतून देतात. निळ्या प्रकाशाने ते उत्तेजित होते आणि त्यातून हिरवट पिवळा प्रकाश निघतो. निरोगी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भित्तिका अत्यंत घट्ट असल्यामुळे रक्तातील पुष्कळशी द्रव्ये मेंदूच्या ऊतकात शिरू शकत नाहीत. या व्यवस्थेस रक्त-मस्तिष्क रोध म्हणतात. अर्बुदामुळे हा रोध जेथे फाटलेला असतो तेथे फ्लुओरेसीन पाझरते. म्हणजे फ्लुओरेसीनची चमक ही मुळात फुटलेल्या रोधाची खूण आहे. अर्बुदाच्या पेशींशी तिचा थेट संबंध नाही. शस्त्राच्या स्पर्शाने एखादी निरोगी वाहिनी दुखावली तर तेथेही ते द्रव्य पाझरते. तथापि हे द्रव्य स्वस्त आहे आणि नेत्रवैद्यांच्या नित्य वापरातले असल्यामुळे सर्वत्र उपलब्ध आहे.

दुसरे द्रव्य पाच-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे होय. शल्यविशारदांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख ‘फाइव्ह-एएलए’ असा होतो. या द्रव्याला स्वतःची चमक नसते. रक्तातील हीमोग्लोबिनचा घटक जो हीम, तो शरीर ज्या रासायनिक साखळीने तयार करते त्या साखळीची ही आरंभीची कडी आहे. या आम्लाच्या आठ रेणूंपासून पुढे एक पॉर्फिरिन-वलय बनते. साखळीच्या अखेरीस प्रोटोपॉर्फिरिन-नऊ हा पदार्थ तयार होतो आणि फेरोकेलाटेज नावाचे एंझाइम त्यात लोहाचा अणू बसविते, की हीम तयार झाले. निरोगी पेशी या आम्लाची निर्मिती काटेकोरपणे आवरून धरतात. बाहेरून आम्ल दिले की हा आवर निरुपयोगी ठरतो. घातक अर्बुदाच्या अनेक पेशींत लोह बसविण्याची शेवटची पायरी मंदावलेली असल्याने प्रोटोपॉर्फिरिन तेथे साचून राहते. सुमारे ४०० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात ते ६३५ नॅनोमीटरच्या आसपास तांबडा प्रकाश देते. म्हणून ही चमक पेशींच्या चयापचयातील बिघाडाची खूण ठरते. फ्लुओरेसीनपेक्षा ती अर्बुदाच्या अधिक निकटची आहे. मात्र चयापचय बिघडलेला नसेल तर अर्बुद असूनही ती दिसणार नाही.

तिसऱ्या गटात अवरक्त प्रकाशाच्या सीमेवर चमकणारी द्रव्ये येतात. त्यांतील इंडोसायनीन ग्रीन हे हिरवे द्रव्य १९५० च्या दशकापासून वैद्यकाच्या उपयोगात आहे. त्याची चमक डोळ्यांस दिसत नाही. तिच्यासाठी खास कॅमेरा लागतो. परंतु अवरक्त प्रकाश ऊतकात निळ्या प्रकाशापेक्षा खोलवर जातो, हा त्याचा लाभ आहे. सिअ‍ॅटल येथील बालकर्करोगतज्ज्ञ जेम्स ओल्सन व त्यांचे सहकारी यांनी विंचवाच्या विषातील क्लोरोटॉक्सिन या ३६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडास अशा प्रकारचे रंगद्रव्य जोडण्याची दिशा दाखविली. त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे या पेप्टाइडास इंडोसायनीन ग्रीन जोडून बनविलेल्या टोझुलेरिस्टाइड या औषधाच्या चाचण्या मेंदूतील अर्बुदे असलेल्या बालकांवरही घेण्यात आल्या. कोकणातील वाचकास विंचवाचे विष म्हटले की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे लाल विंचवाच्या दंशावरील कार्य आठवेल. येथे उपयोगी पडलेला विंचू उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील निराळ्या जातीचा आहे. अर्बुदाच्या पेशींवरील काही विशिष्ट रेणूंस चिकटण्याचा त्या पेप्टाइडाचा गुण येथे कामी आणला जातो.

फुटलेला रोध, बिघडलेला चयापचय आणि पेशीवरील बंधनस्थान या तीन भिन्न घटना आहेत. तिन्हींची परिणती शल्यविशारदाच्या दृष्टीस एका चमकेच्या रूपाने पडत असली तरी त्या चमकेचा अर्थ प्रत्येक वेळी निराळा लावावा लागतो.

प्रौढांतील पुरावा

पाच-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा जर्मनीतील वॉल्टर स्टुमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीतून मिळाला. घातक ग्लायोमाचा संशय असलेल्या ३२२ प्रौढ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून व्हावी तशी निःपक्षपाती विभागणी करण्यात आली. एका गटावर निळ्या प्रकाशाच्या साहाय्याने आणि दुसऱ्यावर नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात शस्त्रक्रिया झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एमआरआय चित्रात रंजकद्रव्य धरणारा अर्बुदाचा सर्व भाग पहिल्या गटात ६५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३६ टक्के रुग्णांमध्ये काढता आला. सहा महिन्यांपर्यंत रोग न बळावलेल्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ४१ व २१ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र दोन्ही गटांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित असा फरक आढळला नाही. या चाचणीच्या बळावर २००७ मध्ये युरोपात आणि २०१७ मध्ये अमेरिकेत या औषधास प्रौढांसाठी मान्यता मिळाली.

चाचणीत बालकांचा समावेश नव्हता. तिचे निष्कर्ष बालकांस जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. प्रौढांच्या चाचणीत प्रायः एकाच जातीचे, मोठ्या मेंदूत वाढणारे अर्बुद होते. बालकांत अर्बुदांच्या जाती अनेक असतात आणि त्यांतील पुष्कळशी डोक्याच्या मागील भागात, लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ यांच्या निकट वाढतात.

बालकांतील अनुभव

बालकांत हे आम्ल वापरलेल्या युरोपीय केंद्रांचे अनुभव स्टुमर व इतरांनी २०१४ मध्ये एकत्र केले. अनेक केंद्रे मिळून केवळ ७८ बालकांची माहिती गोळा झाली. घातक ग्लायोमा असलेल्या बालकांत चमक बहुधा स्पष्ट दिसली आणि ती उपयुक्त ठरली. मेड्युलोब्लास्टोमा आणि पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा यांत ती अनिश्चित होती. बऱ्याच बालकांत ती उपयोगी पडली नाही. एपेंडिमोमात अनेकदा चमक दिसते, परंतु सदैव नाही.

या निरीक्षणाचे महत्त्व प्रत्येक अर्बुदाच्या स्वभावावरून ठरते. एपेंडिमोमात शस्त्रक्रियेने अर्बुद किती पूर्णपणे निघाले, यावर पुढील आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. तेथे लपून राहिलेला एखादा तुकडा चमकेने दाखविला, तर तो लाभ खरोखर मोठा होय. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा पूर्ण निघाल्यास बालक बहुधा कायमचे बरे होते. परंतु ते अर्बुद मुळात बऱ्यापैकी ओळखता येते आणि चमक देईलच असा भरवसा नसतो. मेड्युलोब्लास्टोमाची गोष्ट आणखी निराळी आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की, अर्बुदाचा रेणवीय उपप्रकार लक्षात घेतल्यावर, अल्पसा अवशेष मागे ठेवण्याने आयुर्मानावर होणारा परिणाम पूर्वी समजत होते तितका राहत नाही. म्हणून मस्तिष्कस्तंभास चिकटलेला अल्प अवशेष धोका पत्करून काढण्याचा आग्रह धरू नये, असे मत पुढे आले. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे चतुर्थांश बालकांची वाचा काही काळ लोपते. चालण्यातील तोल आणि स्वभाव यांवरही परिणाम होतो. हे ध्यानात घेतले म्हणजे चमकणारा प्रत्येक कण काढावयाचाच, हा नियम बालकांच्या बाबतीत का टिकत नाही ते कळून येते. मस्तिष्कस्तंभात सर्वत्र पसरणाऱ्या ग्लायोमात तर अर्बुद काढणे हाच पर्याय नसतो. तेथे कोणतीही चमक शस्त्राला वाट दाखवू शकत नाही.

व्यवहारातील मर्यादा

पाच-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल पाण्यात विरघळवून तोंडाने द्यावे लागते. भूल देण्यापूर्वी सुमारे तीन तास, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास २० मिलिग्रॅम, ही प्रौढांतील मात्रा बालकांतही वापरली गेली आहे. म्हणजे १५ किलोग्रॅम वजनाच्या बालकास ३०० मिलिग्रॅम. परंतु मस्तिष्क-मेरुद्रवाचा मार्ग अडून डोक्यातील दाब वाढलेल्या बालकांस वारंवार उलट्या होत असतात. औषध पोटात राहिलेच नाही तर चमक न दिसण्याचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. औषध घेतल्यावर कातडी प्रकाशास हळवी होते. म्हणून २४ ते ४८ तास बालकास ऊन आणि प्रखर दिवे यांपासून दूर ठेवावे लागते. पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार असणाऱ्यास हे औषध देता येत नाही. यकृतातील काही एंझाइमांची रक्तातील पातळी तात्पुरती वाढते, म्हणून तिच्यावरही लक्ष ठेवावे लागते.

दुसरी मर्यादा प्रकाशाचीच आहे. निळा प्रकाश ऊतकात फार खोल जात नाही आणि रक्ताचा पातळ थरही त्यास अडवितो. कडेच्या घडीखाली दडलेला अर्बुदाचा भाग उघडा केल्याशिवाय चमकत नाही. शिवाय प्रकाशाच्या माऱ्याने प्रोटोपॉर्फिरिन हळूहळू नष्ट होते. स्टुमर यांच्या १९९८ च्या मापनानुसार निळ्या-जांभळ्या प्रकाशात सुमारे २५ मिनिटांत चमक मूळच्या ३६ टक्क्यांवर येते. पांढऱ्या प्रकाशात यास सुमारे ८७ मिनिटे लागतात. पूर्वी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेल्या जागी दाहामुळे अर्बुद नसतानाही चमक दिसू शकते.

यास्तव प्रतिदीप्तीला दुसऱ्या साधनांची जोड देणे आवश्यक ठरते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. अलीअसगर मोईयादी आणि डॉ. प्रकाश शेट्टी यांनी प्रौढांच्या घातक ग्लायोमात प्रतिदीप्ती आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेली त्रिमितीय सोनोग्राफी यांचा एकत्र उपयोग केला. सोनोग्राफी खोलवरचा अवशेष दाखविते; प्रतिदीप्ती पृष्ठभागावरील कड दाखविते. दोन्ही साधने परस्परपूरक आहेत आणि प्रत्येक रुग्णास एकच माप बसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०१४ मध्ये मांडला. बालकांच्या विविध अर्बुदांच्या बाबतीत तर हा विचार अधिकच लागू पडतो. याखेरीज तंत्रिकांच्या कार्यावर विद्युत्-संवेदनांनी देखरेख ठेवण्याची पद्धती असते. चमकणारा भाग महत्त्वाच्या तंत्रिकेस लागून असेल तर थांबावे असा इशारा तीच देऊ शकते. प्रकाश तो देऊ शकत नाही.

विरळ रोग आणि मोठे शहर

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार ८,०९,३७८ लोक राहत होते. त्यांपैकी सुमारे चतुर्थांश चौदा वर्षांखालील धरले तर बालकांची संख्या दोन लाखांच्या आसपास येते. भारतातील कर्करोग नोंदणीत बालकांच्या मेंदूतील अर्बुदांचे वार्षिक प्रमाण दर लाख बालकांमागे साधारण एक-दोन इतके आढळते. अमेरिकेत ते पाच-सहाच्या घरात आहे. या हिशेबाने एवढ्या मोठ्या शहरात वर्षाला कमीत कमी दोन-तीन आणि अधिकात अधिक दहा-बारा बालकांना हा रोग होईल, असा स्थूल अंदाज निघतो. एपेंडिमोमा हा त्यातील सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे आठ लाखांच्या शहरातही एपेंडिमोमाचे बालक वर्षाकाठी एखादे, किंवा तीन-चार वर्षांतून एखादे.

या अंदाजातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे, भारतातील आणि अमेरिकेतील आकड्यांतील तफावतीचा काही भाग निदानच न झालेल्या बालकांचा असण्याचा संभव आहे. सकाळची डोकेदुखी, वारंवार उलटी, चालण्यातील झोक, तिरळेपणा ही लक्षणे पोटाचा किंवा डोळ्यांचा विकार समजून दुर्लक्षिली गेली, तर प्रतिदीप्त द्रव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिला प्रकाश वस्तीतल्या डॉक्टराच्या संशयाचा असावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, इतक्या थोड्या रुग्णांवर कोणत्याही एका शहरातील शल्यविशारदास एकेका अर्बुदाच्या चमकेचा अनुभव साठविता येणार नाही. वाचता येणे हे कौशल्य आहे आणि ते वारंवारतेनेच येते.

म्हणून मीरा रोडहून सुमारे तीस किलोमीटरवरील दादर आणि तेथून परळ, हा रेल्वेचा प्रवास अशा कुटुंबांच्या दृष्टीने उपचाराचाच एक भाग ठरतो. परळला १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय, तसेच केईएम आणि वाडिया बालरुग्णालय ही एकमेकांच्या जवळ आहेत. टाटा केंद्राचाच विस्तार खारघर येथे आहे. अनेक शहरांतील थोडी थोडी बालके अशा ठिकाणी एकत्र आली म्हणजेच शल्यविशारद, विकृतिशास्त्रज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ यांना एकेका विरळ अर्बुदाची पुरेशी ओळख होते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाने देशातील केंद्रे एकमेकांशी जोडण्याचा प्रयत्न आरंभिला, तोही याच गरजेतून.

संशोधनाच्या दृष्टीनेही निष्कर्ष हाच आहे. युरोपातील अनेक केंद्रांना मिळून ७८ बालके मिळाली. एका केंद्राने एकट्याने संशोधन करून त्याहून अधिक खात्रीचे उत्तर मिळविणे कठीण आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेत चमक दिसली की नाही, चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या भागाच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षेत काय आढळले, औषध किती वेळापूर्वी दिले आणि उलटी झाली होती काय, एवढ्या साध्या नोंदी सर्व केंद्रांनी एकाच पद्धतीने ठेवल्या, तरी काही वर्षांत भारतीय बालकांपुरते उपयुक्त ज्ञान हाती येईल. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास चमकेचे आकडेवारीत मापन करणारी साधने, रसायनाच्या अभ्यासकास अधिक निवडक द्रव्ये आणि संख्याशास्त्रज्ञास थोड्या रुग्णांवरून निष्कर्ष काढण्याच्या पद्धती, असे कार्य येथे प्रत्येक शाखेची वाट पाहत आहे.

प्रतिदीप्त द्रव्यांनी शल्यविशारदास पूर्वी न दिसणारी कड दाखविली, हे त्यांचे निर्विवाद श्रेय आहे. बालकांच्या बाबतीत तिचा अर्थ अर्बुदाच्या जातीनुसार बदलतो. न चमकणारे ऊतक निरोगी असेलच असे नाही, आणि चमकणारे ऊतक काढण्याजोगे असेलच असेही नाही. कोठे थांबावयाचे हा निर्णय शेवटी त्या बालकाच्या पुढील पन्नास-साठ वर्षांच्या जीवनाचा विचार करूनच घ्यावा लागतो.